आठवा फॉर्मा

मंगळवार, ९ सप्टेंबर

आमच्या कारखान्यात बाइंडिंग झालेल्या पुस्तकापायी काल एका माणसाला भोसकलं. घरात याविषयी बोलण्यासारखं कुणी नाही आणि गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून लिहायला घेतलं. कॉलेज संपल्यापासून बिलं आणि निरोपाच्या चिठ्ठ्या याखेरीज हातून काही लिहून झालेलं नाही. चालेल. कुणाला वाचायचंय!

माणूस म्हणजे मास्तर. कॉलेजात माझ्या वर्गात होते, पुढे शाळेत शिकवायला लागले आणि सगळ्यांचेच मास्तर झाले. रिटायर झाल्यावर कादंबरी लिहिली. आमच्या धर्माच्या पहिल्या गुरूंवर. छापली दुसरीकडे, बाइंडिंग माझ्याकडे. मी ती वाचली आणि त्यांना तोंडावर सांगितलं की मला आवडली नाही. गुरूंना त्यांनी फार चिडका माणूस केलाय. दर आठवड्याला ज्यांच्या नावाने मी डोकं टेकते त्यांना दात दुखताना, बायकोवर खेकसताना वाचायची माझी इच्छा नाही. मास्तर हसून म्हणाले, "बाईसाहेब, बाइंडिंग मात्र पक्कं करा."

पक्कं केलं.

गेल्या आठवड्यापासून सगळ्यांच्या फोनवर एक फोटो फिरतोय. पुस्तकातली समोरासमोरची दोन पानं. डावीकडच्या पानाच्या शेवटी गुरू भर सभेत उठून उभे राहतात, सगळे गप्प होतात, आणि ते म्हणतात — उजवीकडच्या पानावर पहिली ओळ: "देव? देव हे माझ्या कुत्र्याचं नाव!" पुढे आईबहिणीवरून.

काल सकाळी मास्तर दूध आणायला उतरले तेव्हा दोन पोरं जिन्यात उभी होती. पोटात दोन वार, उजव्या हातावर एक. पोरं पळाली नाहीत. पोलीस येईपर्यंत तिथेच उभी होती म्हणे, काम चोख झाल्यासारखी.

फोटो मी आज पहिल्यांदा पाहिला. कारखान्यात माझ्याबरोबर असतो त्या धाकट्या भावाने दाखवला. पाहताक्षणी कळलं. ते शिव्यांचं पान गुरूंचं नाहीच! तो पुढच्या प्रकरणातला दारुडा. मधली सोळा पानं गायब आहेत. आठवा फॉर्मा राहिलाय.

बुधवार, १० सप्टेंबर

पुस्तक एकेका पानाने बनत नाही. मोठा कागद छापून येतो, त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा फॉर्मा होतो. फॉर्मे एकावर एक लावायचे, शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि सगळ्यात शेवटी तिन्ही बाजूंनी कापायचं. लावताना एखादा फॉर्मा राहिला तर गोष्ट उडी मारते. बाइंडरच्या हातून होणारी ही सगळ्यात जुनी चूक. एरवी गिऱ्हाईक पुस्तक आपटून बदलून मागतं आणि विषय संपतो.

आमच्याकडे फॉर्मे लावते मावशी. आमच्या धर्माची नाही. इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी आहे; तिचा धर्म वेगळा हे मला आज मुद्दाम आठवावं लागलं, आणि त्याचाच राग आला. या पुस्तकाच्या वेळी तिच्या लेकीचं बाळंतपण होतं, तिचं लक्ष नव्हतं. शिवून झालेल्या गठ्ठ्यात काही प्रती मला हाताला पातळ लागल्या. उघडून पाहिल्या, आठवा नव्हता. कापायच्या आधीच बाजूला काढल्या आणि धाकट्याला सांगितलं, उसवून पुन्हा लाव. मावशीला म्हटलं, जा लेकीकडे, इथे उभी राहून नुकसान करू नकोस. ती गेली ती बारसं उरकूनच आली.

म्हणजे एखादी प्रत माझ्या हातून निसटली आणि दुकानात गेली. दुसरं काय? तपासणं माझं काम होतं.

मावशीने फोटो पाहिलाय. आज संध्याकाळी पदर खोचून झाडायला लागली. ते तिचं कामच नाही. मी झाडू हातातून काढून घेतला.

गुरुवार, ११ सप्टेंबर

प्रकाशक फोन उचलत नाही. बायको सांगते, बाहेरगावी गेलेत. मागून त्यांचा खोकला ऐकू येतो.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मास्तरांना भेटले. वॉर्डाच्या दारात एक पोलीस खुर्चीवर पेपरातलं कोडं सोडवत बसलेला. मला काय काम म्हणून विचारलंही नाही. मीच त्याला बोलले, की विचारत जा.

मास्तर खंगलेत, पण जीभ शाबूत आहे. पोटावरच्या पट्टीकडे डोळ्यांनी खूण करून म्हणाले, तुमच्यासारखेच टाके घातलेत बाईसाहेब, फक्त तुमचे सरळ येतात.

मी त्यांना आठव्या फॉर्म्याचं सांगितलं. चूक माझ्या कारखान्याची. उद्याच सगळीकडे जाहीर करते की मास्तरांनी असलं काही लिहिलेलंच नाही, पुस्तक पुरं वाचा, मग बोला. मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल.

त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं. मग म्हणाले, "जाहीर नका करू."

मी म्हटलं, वेड लागलंय का? तुमच्यावरचा आळ जाईल.

"आळ जाईल, आणि सुरा बरोबर ठरेल. लोक म्हणतील, अरेरे, चुकीच्या माणसाला लागला. म्हणजे कुणीतरी बरोबर माणूस आहे, असंच ना? उद्या कुणी खरोखर तसं लिहिलं तर त्याने कुठला फॉर्मा दाखवायचा?"

मी भांडले. दुखणेकऱ्याशी भांडू नये हे कळूनही भांडले. म्हटलं, तुम्हाला हुतात्मा व्हायची हौस आहे. मी धर्म मानते, तुमचा चिडका गुरू मला आवडला नाही, शिव्यांचं पान खरं असतं तर तुमच्याशी बोलणं टाकलं असतं मी.

"बोलणं टाका की!" मास्तर म्हणाले. "तेवढा हक्क आहे तुमचा. मी तेच म्हणतोय."

नर्सने मला बाहेर काढलं. बसमध्ये सारखी उत्तरं शोधत होते.

रविवार, १४ सप्टेंबर

प्रार्थनेला गेले. न जाण्याचं कारण नव्हतं. धर्म काही त्या दोन पोरांच्या नावावर लिहून दिलेला नाही.

प्रार्थना चालवणाऱ्या गुरुजींनी झाल्या प्रकाराचा निषेध केला. एका वाक्यात. मग म्हणाले, "परंतु." परंतुच्या पुढे चपला घालायची वेळ होईपर्यंत बोलले. भावना, संयमाची मर्यादा, लेखकांची जबाबदारी. माझ्या शेजारच्या बाई मान डोलावत होत्या. मी त्यांना विचारलं, पुस्तक वाचलंत? म्हणाल्या, शी! कोण वाचतंय ते.

अजून ते वाचलेलं एकही माणूस मला भेटलेलं नाही. माझ्याखेरीज.

सोमवार, १५ सप्टेंबर

आज अध्यक्ष आले. प्रार्थनागृहाच्या समितीचे. कापडाचे व्यापारी, गोड बोलणारे. कारखान्यात आले, खुर्ची झटकून बसले, खळीच्या वासाने नाकाला रुमाल लावला. धाकट्याने धावत जाऊन त्यांच्यासाठी चहा आणला. मला तो असा धावलेला आवडला नाही.

अध्यक्षांनी एक माफीनामा टाइप करूनच आणला होता. मजकूर असा, की पुस्तकात तसं काही नव्हतं, बाइंडिंगच्या वेळी परधर्माच्या एका कामगार बाईने खोडसाळपणे पानं बदलली, कारखान्याने तिला काढून टाकलं आहे, समाजाची क्षमा मागतो. खाली माझ्या सहीला जागा.

मावशी पलीकडच्या टेबलावर फॉर्मे लावत होती. हात थांबले नाहीत, पण एकच फॉर्मा परत परत उचलत होती.

मी विचारलं, फॉर्मा राहिल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? कारण कारखान्याबाहेर मी ते मास्तरांखेरीज कुणालाही सांगितलेलं नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, अहो, घरचंच माणूस आहे, तुमच्या काळजीनेच बोललं. धाकटा कपबश्या गोळा करायला लागला.

सही कर ताई, असं तो हळूच म्हणाला. मावशीला आपण गुपचूप पैसे देऊ, ती तिच्या लेकीकडे राहील, सगळं शांत होईल. मास्तरही सुटतील.

मी म्हटलं, अध्यक्षसाहेब, ही बाई खोडसाळ नाही, विसरभोळी आहे, आणि तिला कामावरून काढायचं की नाही ते मी ठरवीन. ते म्हणाले, विचार करा, पोरांची माथी भडकलेली आहेत. मी म्हटलं, भडकलेली माथी तुम्ही सांभाळा, समिती त्यासाठीच असते.

जाताना पुरावा म्हणून त्यांनी त्या फोटोचा मोठा प्रिंट टेबलावर ठेवला. चांगल्या कागदावर. फोनवर जे बोटाएवढं दिसत होतं ते हातभर झालं.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक काळी फुली आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

दुकानात जाणारी तयार प्रत कपाटातून काढली आणि प्रिंटशेजारी ठेवली. तयार प्रतीत फुली नाही. असूच शकत नाही. ती कुठे कापायचं याची छापखान्याने दिलेली खूण असते, आणि कापल्यावर कडेच्या पट्टीबरोबर कचऱ्यात जाते. फोटोतली प्रत कापलेलीच नाही. म्हणजे ती दुकानात गेली नाही, निसटली नाही. मी बाजूला काढलेल्यांपैकी आहे. त्या प्रती या खोलीबाहेर गेल्या नाहीत. मावशी तेव्हा लेकीकडे होती. मी फोटो काढलेला नाही.

दुपारी मावशीला लवकर घरी पाठवलं, मशीन बंद केलं, दाराला कडी लावली.

धाकट्याला विचारावं लागलं नाही. प्रिंट समोर ठेवला, फुलीवर बोट ठेवलं. त्यानेच मला शिकवलेलं आहे कटिंग मशीन. तो स्टुलावर बसला.

म्हणाला, "ताई, मी एक अक्षरही घातलेलं नाही. पान होतं तसं दाखवलं."

"आठवा फॉर्मा कुठे होता?"

"तिथेच. बाजूला."

"तुला दिसत होता?"

त्याने प्रिंट उलटा केला. मग म्हणाला, "हो."

नंतर पुष्कळ बोलला. त्याने पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंय. प्रती उसवता उसवता. रडलो म्हणाला. जो गुरू मी त्याला मांडीवर घेऊन गोष्टींतून सांगितला तो मास्तरांनी दातदुख्या म्हातारा करून टाकला, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटणार नव्हतं, कारण त्यात शिवी नाही. शिवी नसलेला अपमान लोकांना कळत नाही ताई. हे पान मात्र कळलं असतं. मास्तरांच्या मनात होतं तेच पान बोललं, मी फक्त दाखवलं.

मी म्हटलं, मनातलं पान तुला वाचता येतं, समोरचा फॉर्मा नाही.

म्हणाला, जा आणि मारा असं मी कुठे म्हटलं?

"काय म्हटलंस?"

त्याने फोन काढून दाखवला. फोटोखाली त्याने लिहिलंय: आपण नुसतं बघत बसायचं का?

मी कडी काढली. बाहेर ऊन होतं. रस्त्यापलीकडे टायरवाला चाकात हवा भरत होता. मी त्याच्याकडेच पाहत राहिले. धाकट्याकडे पाहवेना.

बुधवार, १७ सप्टेंबर

त्याला सांगितलं: सोमवारपर्यंत स्वतःहून पोलिसांकडे जायचं. नाही गेलास तर मी जाईन.

भावजय जेवणाचं ताट ढकलून उठली. म्हणाली, ताई, तुम्हाला मूल नाही, म्हणून तुम्हाला हे जमतं.

बरोबर आहे. मला मूल नाही. आई गेली तेव्हा हा पहिलीत होता. मला तोच होता.

गुरुवार, १८ सप्टेंबर

मावशी कामावर आली. कारखान्याच्या शटरवर कुणीतरी लाल रंगाने तिच्या धर्मावरून शिवी लिहिलीय. तिने वाचली, पिशवी आत ठेवली, आणि मला विचारलं, टर्पेंटाइन कुठाय. आम्ही दोघींनी मिळून घासली. पूर्ण गेली नाही. धाकटा आत उभा होता. थोड्या वेळाने आला आणि तिच्या हातातलं फडकं घेऊन घासायला लागला. ती म्हणाली, अरे जोर लाव, जेवला नाहीस का? तिला काही माहीत नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

वकिलाला भेटले. म्हणाला, मास्तर वाचलेत हे नशीब. चिथावणीचं कलम लागेल, स्वतःहून हजर झाला तर जामीन होईल, थोडी शिक्षा झाली तर झाली. हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. भावजय पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. जामीन नक्की ना? मी म्हटलं, वकील तसं म्हणाला.

मग मास्तरांकडे. अंगात थोडा ताप आहे, चेहरा लाल. त्यांना सांगण्यावाचून इलाज नव्हता. उभ्याउभ्याच सांगितलं.

ते म्हणाले, "धाकटा? चौथीत होता माझ्याकडे. सगळं पाठ करायचा. समजलं का विचारलं की रडायचा." मग: "पुस्तक पुरं वाचलंय त्याने?"

मी म्हटलं, अथपासून इतिपर्यंत.

"चला, एक तरी वाचक मिळाला." हसायला गेले आणि पोट धरलं.

आम्ही जबानीबद्दल बोललो. मी म्हटलं, फॉर्म्याचं मला सांगावंच लागेल. झालं ते झालं, मी ते लपवणार नाही, तुमच्या तत्त्वासाठीसुद्धा नाही. पण तुमचंही लिहीन. त्यांनी विचारलं, काय? मी तिथेच पाठकोऱ्या कागदावर लिहून दाखवलं: हे पान असंच्या असं छापलेलं असतं आणि मास्तरांनीच लिहिलेलं असतं, तरी त्यांच्या अंगाला हात लावायचा हक्क कुणालाही नव्हता. मी हा धर्म मानते आणि हे लिहिते.

त्यांनी दोनदा वाचलं. डाव्या हाताने कागद परत देत म्हणाले, "शेवटचं वाक्य कुणी म्हटलं तरी काढू नका."

काढणार नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

प्रार्थनेनंतर अध्यक्षांनी चपलांपाशी गाठलं. सहीचं काय झालं? त्यांचा माफीनामा चार घड्या घालून परत दिला. म्हटलं, सही नाही. उद्या मी दुसरा कागद देतेय, तो तुम्हाला पोलिसांकडे वाचायला मिळेल.

ते म्हणाले, तुम्ही आपल्यातल्याच ना?

मी म्हटलं, तिसऱ्या रांगेत बसते. पुढच्या आठवड्यातही तिथेच सापडेन.

आवाज चांगला खणखणीत लागला.

धाकटा अजून हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून दारात उभा होता. काखेत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी. तीच न कापलेली प्रत. मी म्हटलं, पुरावा आहे, एवढे दिवस फाडून का नाही टाकलीस? म्हणाला, पुस्तक फाडवत नाही ताई. तूच शिकवलंस.

पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टरबाईंच्या टेबलावर दिलं ते असं:

न कापलेली प्रत, आठवा फॉर्मा नसलेली.
आठवा फॉर्मा, सुटा.
दुकानातली तयार प्रत, तुलनेसाठी.
फोटोचा मोठा प्रिंट, फुलीभोवती माझ्या हातचं वर्तुळ.
धाकट्याचा फोन. त्याने स्वतः काढून ठेवला.
माझी जबानी, शेवटच्या वाक्यासकट.
माझा भाऊ.

बाई पोच लिहीत होत्या तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी ऐकलं, ठेवला, माझ्याकडे पाहिलं. ताप उतरला नव्हता. मास्तर गेले.

बाईंनी लिहिलेलं कलम खोडलं आणि त्याच्यावर दुसरं लिहिलं. धाकट्याने मला विचारलं, ताई, जामीन?

मी पोच घेतली आणि सही केली.